खरी गुहा बंद आहे, हे बरंच आहे



मागच्या महिन्यात आमच्या पालकांच्या ग्रुपवर एक चर्चा रंगली होती. एका पालकांचे नातेवाईक युरोपात नोकरीला आहेत. ते सुट्टीत फ्रान्सला लास्कोची प्रसिद्ध गुहा पाहायला गेले होते. आल्यावर त्यांची तक्रार अशी, की "खरी गुहा दाखवतच नाहीत हो! शेजारी बांधलेली नक्कल दाखवतात आणि तिकीट मात्र पूर्ण घेतात." ग्रुपवर हसण्याचे इमोजी पडले. एका सरांनी लिहिलं, "म्हणजे जत्रेतल्या देखाव्यासारखंच झालं की!"

मी त्या दिवशी काही लिहिलं नाही, कारण मोबाईलवर दोन ओळींत सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. पण मला ते पटलेलं नाही. माझं मत उलट आहे. लास्कोची खरी गुहा बंद आहे ही त्या सगळ्या परिसरातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट आहे. पाचवीच्या वर्गात अश्मयुग शिकवताना मी चित्रांइतकाच वेळ त्या बंद दाराला देते. का, ते सांगते.

आधी जागा समजून घेऊ. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात दोर्दोन्य नावाची नदी आहे. तिच्यावरूनच त्या जिल्ह्याला नाव पडलं. जुनं नाव पेरिगोर. या दोर्दोन्यला वेझेर नावाची एक उपनदी मिळते. वेझेरच्या दोन्ही काठांना चुनखडीचे उंच कडे आहेत. पाण्याने आणि थंडीने हे कडे खालून पोखरले गेले आणि वर छतासारखा दगड पुढे आलेला राहिला. अशा आडोशाला आपण शैलाश्रय म्हणतो. या एका खोऱ्यात अश्मयुगीन माणसाच्या १४७ जागा आणि चित्रं असलेल्या २५ गुहा नोंदलेल्या आहेत. युनेस्कोने १९७९ मध्ये या खोऱ्यातल्या महत्त्वाच्या जागा जागतिक वारसा यादीत घातल्या.

गंमत म्हणजे, अश्मयुगाबद्दल जगभर जे शब्द वापरतात त्यातले कितीतरी या खोऱ्यातल्या साध्या खेड्यांची नावं आहेत. ल मुस्तिए या गावावरून 'मुस्तेरियन', ला मादलेन या जागेवरून 'मॅग्डालेनियन'. आणि क्रो-मॅग्नॉन मानव? १८६८ मध्ये लेझेझी गावाजवळ रेल्वेच्या कामाच्या वेळी मजुरांना एका शैलाश्रयात हाडं सापडली. त्या जागेचं नाव क्रो-मान्यों. 'क्रो' म्हणजे तिथल्या बोलीत पोकळी, खबदाड. बस, एवढंच. मुलांना हे सांगितलं की त्यांना जरा धीर येतो, कारण ती भयंकर वाटणारी नावं म्हणजे कुणाच्या तरी गावाची आणि खबदाडाची नावं निघतात!

आता एक दुरुस्ती, आणि ही आपल्या सगळ्यांच्या वर्गात करण्यासारखी आहे. "आदिमानव गुहेत राहायचा आणि गुहेच्या भिंतींवर चित्रं काढायचा," असं आपण एका दमात बोलून टाकतो. वेझेरच्या खोऱ्यात पाहिलं तर या दोन वेगळ्या जागा आहेत. माणसं राहायची ती शैलाश्रयांत, उजेडात, नदीजवळ. तिथे चुली सापडतात, हाडं सापडतात, हत्यारं घडवताना उडालेल्या दगडाच्या कपच्या सापडतात. लास्कोसारख्या खोल गुहांत मात्र कुणी संसार मांडलेला नव्हता. तिथे मिट्ट काळोख. तिथे माणसं मुद्दाम, दिवा घेऊन, रंग घेऊन जायची आणि चित्रं काढून बाहेर यायची. म्हणजे ती घराची सजावट नव्हती. मग काय होतं? ठाम कुणीच सांगू शकत नाही. मुलांना या ठिकाणी मी उत्तर देत नाही. त्यांना त्यावर बोलू देते, आणि ती छान बोलतात.

लास्को सापडली त्याची गोष्ट तर शाळेतच सांगायला हवी अशी आहे. सप्टेंबर १९४० चा महिना. दुसरं महायुद्ध चालू, फ्रान्स जर्मनीसमोर हरलेला. मोंतिन्याक नावाच्या छोट्या गावात मार्सेल राव्हिदा नावाचा अठरा वर्षांचा, गॅरेजात काम शिकणारा मुलगा होता. ८ सप्टेंबरला त्याला टेकडीवर एक भोक दिसलं. एक झाड उन्मळून पडल्यामुळे ते उघडं झालेलं. आत दगड टाकला तर तो बराच वेळ गडगडत गेल्याचा आवाज आला. (त्याचा रोबो नावाचा कुत्रा त्या भोकात पडला आणि त्यामुळे गुहा सापडली, ही गोष्ट मुलांना फार आवडते. ती थोडी रंगवलेली आहे, असंही सांगून टाकावं.) चार दिवसांनी, १२ सप्टेंबरला, तो घरी जुळवलेला दिवा घेऊन परत आला. बरोबर तीन मुलं होती: जाक मार्साल, जॉर्ज आन्येल आणि सिमों कोएंकास. सिमों सगळ्यांत लहान, तेरा वर्षांचा. भोक मोठं करून ती मुलं घसरत आत गेली, आणि दिव्याच्या उजेडात भिंतीवर घोडे, बैल, हरणं दिसायला लागली.

पुढे मुलांनी काय केलं? आधी आपसांत गुपित ठेवलं, मग ते पचेना, आणि मग ती गेली आपल्या मास्तरांकडे! लेओं लाव्हाल हे गावातले निवृत्त शिक्षक. त्यांना आधी वाटलं, पोरं आपली फिरकी घेताहेत. आपल्यापैकी कुणालाही तेच वाटलं असतं. पण नंतर ते स्वतः आत उतरले. पाहिल्यावर त्यांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी मुलांना बजावलं, की भिंतींना हात लावायचा नाही आणि कुणाला लावू द्यायचा नाही. मार्सेल आणि जाक यांनी गुहेच्या तोंडाशी तंबू ठोकला आणि पहारा सुरू केला. थोड्याच दिवसांत अश्मयुगीन चित्रांचे मोठे जाणकार, धर्मगुरू आंरी ब्रय तिथे आले आणि चित्रं खरोखर प्राचीन असल्याचं त्यांनी सांगितलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुहेला सरकारी संरक्षण मिळालं.

सिमों ज्यू कुटुंबातला होता. त्याचे आईवडील नंतर ऑश्विट्झच्या छळछावणीत मारले गेले. तो वाचला आणि म्हातारा होऊन २०२० मध्ये वारला. हे मी पाचवीत सांगत नाही, सातवी-आठवीत जरूर सांगावं. ज्या काळात माणसं माणसांना असं वागवत होती, त्याच काळात चार पोरं सतरा हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीपुढे थक्क होऊन उभी होती.

आता बंद दाराकडे येते.

युद्ध संपलं. १९४८ मध्ये गुहा लोकांसाठी उघडली. त्यासाठी तोंडाशी मोठं दार केलं, जायला-यायला वाट सोपी व्हावी म्हणून आतली माती उपसली, दिवे लावले. लोक आले, आणि कसे आले! १९५५ च्या सुमाराला दिवसाला हजार-बाराशे माणसं आत जायची. मार्सेल आणि जाक हेच तिथे वाटाडे होते. गावात हॉटेलं चालली, सगळ्यांना बरे दिवस आले.

आणि गुहा आजारी पडली.

हा भाग आपण विज्ञानाच्या तासालाही घेऊ शकतो. माणूस श्वास सोडतो तेव्हा काय सोडतो? कार्बन डायऑक्साइड आणि वाफ. शिवाय एक माणूस नुसता उभा असला तरी साधारण जुन्या शंभर वॅटच्या बल्बइतकी उष्णता देतो. हजार माणसं, बंद जागा. वाफेचं पाणी थंड भिंतीवर जमतं. त्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळला की ते किंचित आम्लधर्मी होतं. चुनखडीला आम्ल चालत नाही, ती झिजते. दुसरीकडे तेच विरघळलेलं कॅल्शियम कार्बोनेट पुन्हा पांढऱ्या थराच्या रूपात चित्रांवर बसायला लागतं. दिव्यांच्या उजेडामुळे आणि माणसांबरोबर आलेल्या सूक्ष्मजीवांमुळे भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं. या दोन दुखण्यांना तिथे 'हिरवा आजार' आणि 'पांढरा आजार' अशीच नावं पडली. यात कुणी चित्र खरवडलेलं नव्हतं की कुणी दगड मारलेला नव्हता. लोक नुसते आत उभं राहून कौतुकाने श्वास घेत होते. मुलांना ही गोष्ट पटायला वेळ लागतो, कारण नुकसान करणारा म्हणजे वाईट माणूस, असं त्यांच्या डोक्यात पक्कं असतं.

१९६३ च्या एप्रिलमध्ये तिथले सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी गुहा बंद केली. उघडून पंधरा वर्षं झाली होती.

ही पंधरा वर्षं मुलांना कशी दाखवायची? मी दोरीचा उपयोग करते. एक सेंटीमीटर म्हणजे दहा वर्षं. सतरा हजार वर्षांसाठी सतरा मीटर दोरी लागते. आमच्या व्हरांड्यात ती मावत नाही, मैदानात धरावी लागते. एका टोकाला आजचा दिवस. तिथून जेमतेम चाळीस सेंटीमीटरवर शिवाजी महाराजांचा जन्म. सव्वादोन मीटरच्या जवळ अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्या. आणि पार तिकडे, दुसऱ्या टोकाला, लास्कोची चित्रं. (काही अभ्यासक ती आणखी जुनी, एकवीस हजार वर्षांच्या आसपासची मानतात. तसं असेल तर दोरी आणखी चार मीटर लागेल.) मग मी त्यांना पंधरा वर्षं मोजायला सांगते. दीड सेंटीमीटर. एका मुलीचं नख तेवढं होतं, ते तिने दोरीवर ठेवून दाखवलं. पुढे मला काही बोलावंच लागलं नाही.

गुहा बंद करून सगळं सुरळीत झालं असंही नाही, आणि हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. शेवाळ आटोक्यात आलं, पण २००१ मध्ये आतली हवा सांभाळणारी यंत्रणा बदलल्यावर पांढरी बुरशी झपाट्याने पसरली. जमिनीवर चुना पसरावा लागला, भिंतींना औषधाच्या पट्ट्या लावाव्या लागल्या. नंतर काळे डाग उठले. तज्ज्ञांमध्ये यावरून बरीच भांडणं झाली. आज संशोधक आणि देखभाल करणारी माणसंसुद्धा मोजून, ठरलेल्या वेळापुरतीच आत जातात. म्हणजे एकदा बिघडलेली गोष्ट कुलूप लावून आपोआप पूर्ववत होत नाही.

तर अशा वेळी "आम्ही एवढ्या लांबून आलो, पैसे भरले, आम्हाला खरी गुहा दाखवा" असं म्हणणं मला पालक म्हणून समजतं, पण शिक्षक म्हणून मान्य होत नाही.

आणि त्या नकलेबद्दल. १९८३ मध्ये मूळ गुहेपासून दोनेकशे मीटरवर 'लास्को दोन' उघडली. तिच्यात मूळ गुहेचे दोन मुख्य भाग तयार केले आहेत. मोनिक पेत्राल या चित्रकर्तीने कितीतरी वर्षं खपून, मूळच्यासारखेच खनिज रंग वापरून ती चित्रं उभी केली. भिंतीचा उंचवटा जिथे आहे तिथे उंचवटा, खळगा आहे तिथे खळगा. ते का महत्त्वाचं? कारण मूळ चित्रकारांनी भिंतीचा आकार वापरला होता. दगडाचा फुगीर भाग असेल तिथे जनावराचं पोट किंवा खांदा. कागदावरच्या फोटोत हे कळत नाही. २०१६ च्या डिसेंबरात टेकडीच्या पायथ्याशी 'लास्को चार' सुरू झाली. तिच्यात जवळपास सगळी गुहा आहे. ती मुद्दाम खाली बांधली, म्हणजे टेकडीवर गाड्यांची आणि माणसांची वर्दळ राहू नये. हा जत्रेतला देखावा म्हणायचा का, ते वाचकांनीच ठरवावं.

आपल्याला ही गोष्ट नवीही नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला १८७२ पासून पुढे तेराएक वर्षं जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केल्या. दरवर्षी तिथे जाऊन, अंधारात बसून. त्यातल्या बऱ्याच नकला पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या, हे दुर्दैव. पण नक्कल करणारा माणूस चित्राकडे जितका वेळ बघतो, तितका वेळ रांगेतून पुढे सरकणारा कधी बघतो का? चित्रकलेच्या तासाला मुलगा पान बघून पान काढतो तेव्हा आपण त्याला फसवणूक म्हणत नाही.

याचा अर्थ वेझेरच्या खोऱ्यात सगळं नकलीच आहे असं नाही. खऱ्या गुहा आहेत आणि त्या पाहता येतात, फक्त त्यांच्या अटींवर. इथे मला आणखी एका शिक्षकाबद्दल सांगायचंय. देनी पेरोनी हे लेझेझी गावचे शाळामास्तर. शाळा सांभाळून ते या खोऱ्यात शोध घेत फिरायचे. १९०१ च्या सप्टेंबरात, चार दिवसांच्या अंतराने, त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दोन गुहांमधली चित्रं जगापुढे आणली: कोंबारेल आणि फों-द-गोम. तोपर्यंत बरेच विद्वान मानायलाच तयार नव्हते, की अश्मयुगातला माणूस असं चित्र काढू शकतो. स्पेनमध्ये अल्तामिराच्या गुहेत १८७९ मध्ये एका लहान मुलीने छताकडे बघून बैल दाखवले होते. तिच्या वडिलांनी ते छापलं, तर त्यांच्यावर बनवाबनवीचा आरोप झाला. या दोन गुहांनंतर विद्वानांची मतं बदलली. लेझेझीच्या जुन्या गढीत आज मोठं राष्ट्रीय प्रागैतिहासिक संग्रहालय आहे, त्याचा पायाही पेरोनींनीच घातला. आपल्या एखाद्या तालुक्याच्या शाळेतल्या गुरुजींनी केल्यासारखं काम. डी.एड. झालेल्या माझ्यासारखीला हे वाचून किती बरं वाटलं, ते कसं सांगू!

फों-द-गोममधले रंगीत गवे आजही मूळ भिंतीवर पाहता येतात. पण दिवसाला मोजक्याच लोकांना, लहान गटात, वाटाड्याबरोबर. कोंबारेलमध्ये तर एका वेळी सहा-सात माणसं. तिकीट मिळालं नाही तर परत जायचं. यावर प्रवाशांच्या तक्रारी असतात. असू देत. लास्कोने जे भोगलं त्यावरून शेजारच्या गुहांनी धडा घेतला.

सगळ्यांत मला जावंसं वाटतं ते मात्र रुफिन्याकला. ही गुहा आठेक किलोमीटर लांब आहे. आत छोटी विजेवर चालणारी गाडी नेते. भिंतींवर मॅमथची चित्रं आहेत, दीडशेहून जास्त. अस्वलांनी झोपण्यासाठी केलेले खळगे अजून दिसतात. पण मी त्यासाठी म्हणत नाही. या गुहेच्या काही भागांत भिंती आणि छत मऊ आहे, आणि त्यावर बोटांनी ओढलेल्या रेघा आहेत. संशोधकांनी त्या रेघांची रुंदी मोजली. तीन बोटांची रुंदी किती, यावरून हात लहान मुलाचा की मोठ्या माणसाचा, हे कळतं. तर त्यातल्या कितीतरी रेघा लहान मुलांच्या निघाल्या. सर्वांत जास्त रेघा ओढणारी बहुधा पाचेक वर्षांची मुलगी होती. काही रेघा इतक्या उंचावर आहेत, की त्या मुलाला कुणीतरी उचलून किंवा खांद्यावर घेऊनच उभं राहिलेलं असणार.

म्हणजे आपल्या पहिलीतली मुलगी. तिला कुणीतरी काळोखात, हातातल्या दिव्याच्या उजेडात एवढ्या आत नेलं. आणि तिला म्हटलं, काढ बाळा रेघ. तेरा हजार वर्षं झाली असतील. आपल्याकडे पाटीवर 'ग'चा गाठोडा करून घेताना आपण मुलांचे हात धरतो ना, मला तेच आठवतं. पहिलीच्या बाईंना हे वाचताना माझ्यासारखंच होईल.

याच गुहेच्या छतावर आणखीही काही आहे. गेल्या काही शतकांत आत गेलेल्या लोकांनी मेणबत्तीच्या काजळीने आपली नावं लिहून ठेवली आहेत, थेट मॅमथच्या चित्रांवर. तेव्हा ती चित्रं कुणी ओळखलीच नव्हती. गुहेतल्या चित्रांना मान्यता मिळाली ती १९५६ मध्ये. त्यामुळे मी त्या लोकांना फार दोष देत नाही. पण आपल्या किल्ल्यांवरच्या दगडांवर बदाम काढून नाव कोरणाऱ्यांना ही सबब देता येत नाही.

आणि एक जागा हवरटपणाची. लेझेझीजवळ एका छोट्या शैलाश्रयाच्या छतावर साधारण मीटरभर लांबीचा सामन मासा कोरलेला आहे. १९१२ मध्ये तो ओळखला गेला, आणि ताबडतोब तो छतातून कापून बर्लिनच्या संग्रहालयाला विकायचा घाट घातला गेला. ते थांबवलं गेलं, पण तोपर्यंत माशाच्या चारी बाजूंनी खोल चर पाडून झाले होते. आजही मासा त्या चौकटीत आहे. वाटाड्या मासा दाखवतो आणि चरही दाखवतो. माझ्या मते दुसरं पहिल्याइतकंच दाखवायला हवं.

आता पालकांचा एक रास्त प्रश्न. "बाई, तुम्ही म्हणता ते ठीक, पण याचा अर्थ खरी गोष्ट फक्त मोठ्या संशोधकांनी पाहायची आणि सामान्यांनी नक्कल, असाच ना?" हा प्रश्न मला टोचतो, कारण आमच्या शाळेतल्या मुलांच्या वाट्याला नेहमी नक्कलच येते. खरी प्रयोगशाळा नाही, प्रयोगाचा फोटो. खरं वाद्य नाही, मोबाईलवरचा आवाज. पण लास्कोच्या बाबतीत तसं झालेलं नाही. तिथे मंत्री असो की मजूर, दार दोघांनाही बंद आहे, आणि नक्कल दोघांनाही सारखीच उघडी आहे. चाकाच्या खुर्चीवरचं मूलही तिथे जाऊ शकतं. मूळ गुहेत ते कधी गेलं असतं? माझा राग नकलेवर नाही. आळशीपणाने केलेल्या नकलेवर आहे. वर्गात लावलेला पुसट झेरॉक्सचा घोडा आणि मोनिक पेत्रालचा घोडा यांत फरक आहे, आणि तो फरक भरून काढणं हे आपल्याच हातात आहे.

ते कसं, तर थोडंसं मी करते ते सांगते. लास्कोच्या बैलांच्या दालनातला सगळ्यांत मोठा बैल साडेपाच मीटरच्या आसपास लांब आहे. पुस्तकात तो दोन बोटांचा असतो. मैदानावर खडूने किंवा फक्कीने साडेपाच मीटरचा बैल काढा, मुलांना त्याच्या शिंगापासून शेपटीपर्यंत चालू द्या. वर्गाच्या खिडक्या चादरींनी झाकून अंधार करा, एका मुलाच्या हातात छोटी बॅटरी द्या आणि भिंतीवर लावलेल्या कागदावर दुसऱ्याला चित्र काढू द्या. रंगासाठी गेरू घ्या. आपल्याकडे कुंड्यांना आणि तुळशीवृंदावनाला लावतात तोच लोहयुक्त लाल मातीचा रंग त्या चित्रांतही आहे. काळ्यासाठी मात्र लास्कोत बहुतेक ठिकाणी मँगनीजचं खनिज वापरलंय, कोळसा नाही. त्यामुळेच त्या चित्रांचं वय थेट रंगावरून काढता येत नाही, हा मुद्दा मोठ्या वर्गात घेता येईल.

आणि हा प्रश्न विचारायला विसरू नका. त्या लोकांच्या जेवणातली हाडं सापडली आहेत, ती बहुतेक रेनडिअरची. मग सहाशेच्या आसपास रंगवलेल्या जनावरांत रेनडिअर किती? एक. घोडे मात्र भरपूर. असं का? आमच्या वर्गात एक मुलगा म्हणाला, "बाई, आम्ही रोज भाकरी खातो, पण चित्र कधी भाकरीचं काढत नाही." विद्वानांचं यावर अजून एकमत नाही, पण त्याचं उत्तर मी वहीत लिहून ठेवलंय.

सहलीच्या बाबतीत आपल्याला खरंच विचार करावा लागेल. आपली शैक्षणिक सहल म्हणजे एका दिवसात पाच ठिकाणं, दोन बस, "चला चला, रांग सोडू नका," आणि शेवटी ग्रुप फोटो. लेण्यात दीडशे मुलं एकदम घुसतात. त्यांचा ओरडा घुमतो, त्यांना मजा येते, आणि चित्र कुणी बघत नाही. कोकणातल्या रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या सड्यांवरची कातळशिल्पं तर उघड्यावर, पायाखालीच आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, आता शाळांच्या सहली तिकडे वाढणार. दार नाही, तिकीट नाही, वाटाडा बऱ्याचदा नाही. तिथे लेओं लाव्हाल मास्तरांचं काम सोबत गेलेल्या शिक्षकालाच करावं लागेल. दहा-दहाचे गट, चपला काढून, रेघेच्या बाहेरून बघायचं, आणि बाकीच्यांनी तोवर झाडाखाली डबा खायचा. वेळ जास्त लागेल. मग एका दिवसात पाचऐवजी एकच ठिकाण होईल. मुख्याध्यापकांना हे पटवणं सोपं नाही, मला माहीत आहे.

शेवटी, ज्या पालकांचे नातेवाईक तिकडे आहेत आणि खरंच जाणार आहेत त्यांच्यासाठी. आधी लेझेझीचं संग्रहालय करा, म्हणजे पुढे काय बघताय ते कळेल. मग एखादा शैलाश्रय, माणसं जिथे राहत होती तो. लास्को चारला निवांत अर्धा दिवस ठेवा. फों-द-गोमचं तिकीट खूप आधी बघा, नाही मिळालं तर चिडू नका, रुफिन्याकला जा. लहान मूल बरोबर असेल तर तिथे त्याला बोटांच्या रेघांबद्दल आधीच सांगून ठेवा. भर उन्हाळ्यातही गुहांमध्ये तेरा अंशांच्या आसपास गारवा असतो, तेव्हा स्वेटर न्यायला विसरू नका.